ठोका चुकतो तेव्हा : छातीला छिद्र पाडून होणारी नवी शस्त्रक्रिया पेठच्या रुग्णाच्या किती कामाची?

छाती न उघडता हृदयाचे ठोके जागेवर, दोन-तीन दिवसांत घरी. अशा अर्थाच्या रुग्णालयांच्या जाहिराती आणि रील्स सध्या फोनवर सारख्या दिसतात. त्या मुंबई-पुण्यात दिसतात तशा पेठमध्येही दिसतात, कारण रील्सना सावळघाट चढावा लागत नाही.

पेठ हा नाशिक जिल्ह्याचा गुजरातच्या सीमेला लागून असलेला आदिवासी तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार, त्यातले बहुसंख्य आदिवासी. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. हृदयविकारतज्ज्ञ हवा असेल, तर सुमारे ५५ किलोमीटरवरचं नाशिक गाठावं लागतं.

समजा, इथल्या एखाद्या पाड्यावरच्या चाळिशीतल्या बाईला काही महिन्यांपासून धाप लागतेय, छातीत धडधडतंय. ईसीजी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "ठोके अनियमित आहेत, नाशिकला दाखवा." घरातल्या मुलाने फोनवर शोधलं आणि त्याला ही छिद्रातून होणारी शस्त्रक्रिया सापडली. आता त्याचा प्रश्न सरळ आहे : आईसाठी हे करता येईल का?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जाहिरातींत नसतं. त्यासाठी आधी आजार समजून घ्यावा लागेल.

नेमकं बिघडतं काय?

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन रक्त गोळा करतात, खालचे दोन ते जोरात पुढे ढकलतात. प्रत्येक ठोक्याची सुरुवात उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या केंद्रातून निघणाऱ्या विद्युत संदेशाने होते. शांत बसलेल्या माणसात हे मिनिटाला ६० ते १०० वेळा घडतं.

एट्रियल फिब्रिलेशन या आजारात वरच्या कप्प्यांतली ही शिस्त मोडते. एका संदेशाऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० वेळा विस्कळीत संदेश फिरू लागतात. कप्पा आकुंचन पावायच्या ऐवजी नुसता थरथरतो. मधल्या गाठीवर यातले बरेच संदेश अडतात, पण जे सुटतात ते कसेही सुटतात. म्हणून नाडी भराभर आणि बेताल लागते. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी कमी, कधी जास्त.

जगभरात सुमारे ६ कोटी लोकांना हा त्रास असल्याचा अंदाज आहे. धडधड आणि थकवा ही त्याची दिसणारी बाजू. खरा धोका न दिसणारा आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं आणि त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की झडपा चांगल्या असतील तरी या आजारात पक्षाघाताचा धोका पाचपटीहून जास्त वाढतो. आजारासोबत ऱ्हुमॅटिक झडपेचा विकार असेल, तर तो सतरापटीच्या पुढे जातो.

हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. पेठचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

हृदयात रचलेला चक्रव्यूह

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे डॉ. जेम्स कॉक्स या सर्जनने एक धाडसी शस्त्रक्रिया केली. कल्पना अशी : जखमेच्या व्रणातून वीज जात नाही. मग वरच्या कप्प्यांत ठरावीक ठिकाणी छेद देऊन ते पुन्हा शिवले, तर त्या व्रणांच्या भिंती तयार होतील. बेताल संदेश या भिंतींत अडकून विझतील आणि नेमका संदेश मात्र एकाच मोकळ्या वाटेने खाली पोहोचेल. म्हणून या शस्त्रक्रियेचं नाव मेझ, म्हणजे भूलभुलैया. आपल्याकडे चक्रव्यूह म्हटलं तरी चालेल, फक्त इथे अभिमन्यू सुखरूप बाहेर यायला हवा असतो.

उपाय गुणकारी होता, पण जड होता. छातीचं हाड कापायचं, हृदय थांबवायचं, रक्ताभिसरण यंत्रावर घ्यायचं. केवळ ठोक्यांसाठी एवढं सोसायला फारसे रुग्ण आणि डॉक्टर तयार नव्हते.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हैसागेर आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. गोंधळ सुरू करणाऱ्या बहुतेक ठिणग्या फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात. म्हणजे पूर्ण चक्रव्यूह रचण्याची गरज प्रत्येकाला नाही. बऱ्याच रुग्णांत या शिरांभोवती कुंपण घातलं तरी पुरतं.

त्यातून दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट कॅथेटरची. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छिद्र करून डावीकडे जायचं आणि शिरांच्या तोंडाभोवतीचा भाग उष्णतेने किंवा गोठवून निकामी करायचा. हे सर्जन नव्हे, हृदयविकारतज्ज्ञ करतात. यातलं सर्वांत नवं तंत्र पल्स्ड फील्ड अब्लेशन. त्यात उष्णतेऐवजी विजेचे अतिसूक्ष्म झटके वापरतात, त्यामुळे शेजारच्या अन्ननलिकेला इजा होण्याची भीती कमी होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा यंत्रांना डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये परवानगी दिली. भारतातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांतही ते आता होऊ लागलंय.

दुसरी वाट दुर्बिणीची. हीच ती छिद्रातून होणारी शस्त्रक्रिया, म्हणजे मिनी मेझ. बरगड्यांच्या मधून दोन्ही बाजूंनी छोटी छिद्रं पाडतात. एकेका बाजूचं फुप्फुस थोडा वेळ मिटवून जागा करतात आणि धडधडत्या हृदयाच्या बाहेरच्या बाजूने शिरांना चिमट्यासारख्या उपकरणात धरून व्रण तयार करतात. हृदय थांबवावं लागत नाही, हाड कापावं लागत नाही. शिवाय डाव्या वरच्या कप्प्याला जोडलेली एक छोटी पिशवी, जिथे गुठळ्या जास्त होतात, ती क्लिप लावून बंद करता येते. या वाटेची ही खरी जमेची बाजू आहे.

मग सरस काय?

इथे जाहिरात आणि संशोधन यांच्यात अंतर पडतं.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फास्ट नावाच्या युरोपीय चाचणीत १२४ रुग्ण होते. वर्षभरानंतर ठोके नियमित राहिलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ६५.६ टक्के, तर कॅथेटरनंतर ३६.५ टक्के होतं. फरक मोठा आहे. पण त्याच चाचणीत गुंतागुंतीचं प्रमाण शस्त्रक्रियेत ३४.४ टक्के आणि कॅथेटरमध्ये १५.९ टक्के होतं. जाहिरातीत पहिली जोडी येते, दुसरी येत नाही.

२०२० मध्ये ब्रिटनमधल्या कासा-एएफ चाचणीचे निकाल आले. आजार जुनाट झालेले १२० रुग्ण. त्यांच्या त्वचेखाली ठोके सतत नोंदवणारं यंत्र बसवलेलं, म्हणजे मधल्यामध्ये येऊन गेलेला झटकाही सुटणार नाही. औषधांशिवाय, एकाच उपचारानंतर वर्षभर पूर्ण नियमित राहिलेले रुग्ण शस्त्रक्रियेत २६ टक्के, कॅथेटरमध्ये २८ टक्के. रुग्ण अवघड आणि मोजमाप कडक झालं, तेव्हा शस्त्रक्रियेची आघाडी उरली नाही.

तिसरी चाचणी २०२३ ची, सीझ-एएफ. यात दोन्ही वाटा एकत्र केल्या : आधी दुर्बिणीतून बाहेरून व्रण, काही महिन्यांनी कॅथेटरने आतून राहिलेली भेगा-भगदाडं बुजवणं. या जोड-उपचाराचं यश ७१.६ टक्के, फक्त कॅथेटरचं ३९.२ टक्के. म्हणजे जुनाट आजारात, कॅथेटर पुरेसं नसेल तिथे, सर्जन आणि हृदयविकारतज्ज्ञांनी मिळून काम करण्याला अर्थ आहे. पण "कायमचं बरं" हा शब्द यातली कुठलीच चाचणी वापरू देत नाही.

आणखी एक गोष्ट, जी रुग्णांना फार उशिरा कळते. हा उपचार झाला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी लगेच बंद होत नाही. ती निदान दोन-तीन महिने घ्यावीच लागते. पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठोके सुधारले का यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतं.

पेठचा रुग्ण या चाचण्यांत नव्हताच

आता पुन्हा त्या चाळिशीतल्या बाईकडे येऊ. वर सांगितलेल्या तिन्ही चाचण्यांमधले रुग्ण मुख्यतः युरोपातले, बहुतेक साठीच्या आसपासचे. त्यांच्या आजाराच्या मुळाशी वय, रक्तदाब, वजन अशी कारणं असतात. झडपेचा गंभीर विकार असलेले रुग्ण अशा चाचण्यांतून सहसा वगळले जातात.

भारतातलं चित्र वेगळं आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशातल्या २४ केंद्रांवर १,५३७ रुग्णांची नोंद केली. सरासरी वय ५५ च्या जरा खाली. आणि ४७.६ टक्के रुग्णांत ठोके बिघडण्यामागे ऱ्हुमॅटिक हृदयविकार होता. ही नोंद मोठ्या रुग्णालयांतली आहे, गावपाड्यांवरची नाही. पण ऱ्हुमॅटिक विकार जिथे फोफावतो ती परिस्थिती, म्हणजे दाटीवाटीची घरं, लहानपणी घशाच्या संसर्गावर न झालेले उपचार, लांबचा दवाखाना, ही शहरातल्या सोसायट्यांपेक्षा पाड्यावर जास्त सापडते. त्यामुळे पेठमधून तुलनेने तरुण रुग्ण, विशेषतः बाई, बेताल नाडी घेऊन आली, तर डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न झडपेचा येतो. ते साहजिक आहे.

घडतं असं. पाच ते पंधरा वयात स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा दुखतो. काही मुलांत शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूशी लढता लढता स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवरही हल्ला करते. सांधे सुजतात, ताप येतो, काही आठवड्यांत सगळं ओसरतं. झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, आकसत जाते. डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली की वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, कप्पा फुगतो, ताणला जातो आणि एक दिवस थरथरू लागतो.

म्हणजे इथे बिघडलेला ठोका हा मुळात तुंबलेल्या झडपेचा परिणाम आहे. झडप तशीच ठेवून शिरांभोवती कुंपण घालणं म्हणजे गळका नळ चालू ठेवून फरशी पुसणं. मिनी मेझ या रुग्णासाठी सहसा उत्तर नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं हे पहिलं आणि थोडं निराश करणारं उत्तर.

पण जांघेतली वाट तीच आहे

दुसरं उत्तर बरं आहे. मायट्रल झडप अरुंद असेल आणि तिची ठेवण अनुकूल असेल, तर छाती न उघडता ती रुंद करता येते. जपानी सर्जन कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये हे पहिल्यांदा केलं. जांघेतल्या शिरेतून नळी, मधल्या पडद्याला छिद्र, डावीकडे प्रवेश. अगदी कॅथेटर अब्लेशनचाच रस्ता. फरक एवढाच, की टोकाशी विजेऐवजी फुगा असतो. तो झडपेत नेऊन फुगवला की चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. भारतातले हृदयविकारतज्ज्ञ हे काम कित्येक वर्षं मोठ्या संख्येने करत आलेत. यावर रील निघत नाहीत, कारण ते नवं नाही.

मात्र कप्प्यात आधीच गुठळी असेल, झडप फार चुनखडीसारखी कडक झाली असेल किंवा खूप गळत असेल, तर फुगा चालत नाही. मग झडप बदलण्याची उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. छाती उघडणारच असेल, तर त्याच वेळी मेझचे व्रणही देता येतात आणि ती पिशवी बंद करता येते. मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेसोबत हे केल्यास काय होतं, हे २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या २६० रुग्णांच्या चाचणीत पाहिलं गेलं. वर्षाअखेरीस ६३.२ टक्के रुग्ण एट्रियल फिब्रिलेशनमुक्त होते, नुसती झडपेची शस्त्रक्रिया झालेल्यांत २९.४ टक्के. किंमत म्हणून पेसमेकर बसवावा लागण्याचं प्रमाण वाढलं. पिशवी बंद करण्याचा फायदा २०२१ च्या लाओस-३ या ४,८११ रुग्णांच्या चाचणीत दिसला : पक्षाघात आणि तशा गुठळ्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं.

झडपेच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल, तर "सोबत ठोक्यांचं आणि पिशवीचं काम करणार का?" हा प्रश्न सर्जनला विचारण्यासारखा आहे. उत्तर नाही असूही शकतं. कारण मात्र विचारा.

गोळी, सुई आणि रानभाज्या

खरी अडचण पुढे आहे, आणि ती शस्त्रक्रियेची नाही.

ऱ्हुमॅटिक मायट्रल झडपेसह ठोके बिघडलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावीच लागते. आपल्याकडे ती बहुधा ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन असते. धातूची कृत्रिम झडप बसली तर आयुष्यभर. या गोळीचा डोस प्रत्येकाला वेगळा लागतो आणि तो बरोबर आहे का, हे आयएनआर नावाच्या रक्त तपासणीवरून ठरतं. आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. सुरुवातीला तपासणी वारंवार, बसता बसता महिन्यातून एकदा.

याला पर्याय म्हणून नव्या गोळ्या आल्यात, उदाहरणार्थ रिव्हारोक्साबॅन किंवा ॲपिक्साबॅन. त्यांना आयएनआर लागत नाही. दुर्गम भागातल्या रुग्णासाठी आदर्श, असं कुणालाही वाटेल. हेच तपासण्यासाठी इन्व्हिक्टस नावाची चाचणी झाली. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन तिच्या शोधनिबंधाच्या लेखकांपैकी एक. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतले साडेचार हजारांवर ऱ्हुमॅटिक रुग्ण, सरासरी वय पन्नाशीचं, ७० टक्क्यांहून अधिक महिला. म्हणजे पेठच्या रुग्णासारखेच लोक. २०२२ मध्ये निकाल आला तो अपेक्षेच्या उलट : जुन्या गोळ्यांवरच्या रुग्णांत मृत्यू कमी झाले. त्यामुळे मध्यम किंवा तीव्र अरुंद झडप असलेल्यांनी तपासणीचा त्रास वाचवायला स्वतःहून नवी गोळी सुरू करणं धोक्याचं आहे. मेडिकलवाल्याने सुचवली तरीही.

आता हा महिन्याचा हिशेब पेठमध्ये मांडून पाहा. तपासणी नाशिकला असेल, तर काळी-पिवळी किंवा एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी. पावसाळ्यात घाटाची खात्री नाही. भातकापणी झाली की तालुक्यातली अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. तिथे मुक्काम बागेवर, कागदपत्रं घरी. गोळी संपली तर तीच आणायला चिठ्ठी कुठून आणायची?

खाण्याचंही असंच. हिरव्या पालेभाज्यांतल्या जीवनसत्त्व 'के'मुळे या गोळीचा असर कमी होतो. उन्हाळ्यात नागलीची भाकर आणि डाळ, आणि जून-जुलैत टाकळा, कुरडू, भारंगी सुरू झाल्या की रोज पालेभाजी. आयएनआर खाली येऊ शकतो. म्हणून रानभाज्या सोडायच्या का? नाही. रोजच्या खाण्यात एकदम मोठा बदल टाळायचा आणि मोसम बदलताना एकदा जास्तीची तपासणी करायची, एवढंच. अंगदुखीवर दुकानातून घेतलेली गोळी मात्र खरोखर टाळायला हवी. त्यातल्या अनेक गोळ्या ॲसिट्रॉमसोबत रक्तस्राव वाढवतात.

बोटाच्या थेंबावर दोन मिनिटांत आयएनआर सांगणारी हातात मावणारी यंत्रं बाजारात आहेत, साखर मोजायच्या यंत्रासारखी. माझं मत विचाराल तर, शहरातल्या एका रुग्णालयात ठोक्यांचं आणखी एक अत्याधुनिक यंत्र येण्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयात असं एक यंत्र आणि त्याच्या पट्ट्यांचा अखंड पुरवठा असणं पेठच्या रुग्णासाठी जास्त मोलाचं आहे. त्याचं उद्घाटन करायला कुणी येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

बायकांसाठी घड्याळ वेगळं चालतं

अरुंद झडप अनेक बायकांत पहिल्यांदा कळते ती गरोदरपणात. या काळात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. जी झडप एरवी कसंबसं निभावत होती ती आता तुंबते, धाप लागते, ठोके बिघडतात. दम लागणं हे "दिवस गेलेत म्हणून" असं समजून सोडून दिलं जातं. त्यात वॉरफेरिन गटातली गोळी पहिल्या तिमाहीत गर्भाला अपाय करू शकते, आणि गोळी अचानक सोडली तर आईला धोका. म्हणून झडपेचा आजार माहीत असलेल्या बाईने मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलणं महत्त्वाचं. फुग्याचा उपचार शक्य असेल तर तो गरोदरपणाच्या आधी झालेला बरा.

पैसे कोण देणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं आणि ते सगळ्या रेशनकार्डधारकांना खुलं केलं. आयुष्मान भारतच्या उपचार यादीत फुग्याने झडप रुंद करणं, झडप बदलणं आणि रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन आहेत. कुठल्या रुग्णालयात काय मिळेल, हे योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. नाशिकमध्ये शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हे सरकारी सुपरस्पेशालिटी रुग्णालय आहे. तिथून पुढे मुंबईला पाठवलं, तर सोबत टू-डी एकोचा अहवाल आणि ईसीजीची पट्टी नक्की ठेवा.

योजना उपचाराचा खर्च उचलते. त्यानंतर दर महिन्याच्या तपासणीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही.

आणि शाळेतला घसा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाली, म्हणजे पेठसारख्याच आदिवासी पट्ट्यात. त्यात पथकांनी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा मुलं तपासायची असतात. शोधायच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. अडचण ही, की सुरुवातीचा झडपेचा बिघाड स्टेथोस्कोपने बरेचदा ऐकू येत नाही, एको लागतो.

युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१ च्या अखेरीस जाहीर झालेल्या चाचणीत, एकोवर सुप्त बिघाड सापडलेल्या अर्ध्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांत त्यांच्यातल्या ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, इंजेक्शन न दिलेल्यांत ८.२ टक्के. आपल्याकडे ज्यांना आजार झालाय त्यांना हे इंजेक्शन साधारण दर २१ दिवसांनी देतात, झडप बिघडली असेल तर किमान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत. पुन्हा तोच पेच : २१ दिवसांनी मूल आश्रमशाळेत असेल, सुट्टीत घरी असेल की आईवडिलांसोबत द्राक्षबागेत?

त्या पाड्यावरच्या मुलाने आईला नाशिकला नेताना पहिली तपासणी टू-डी एकोची मागावी. झडप ठीक निघाली, तर ठोक्यांवर औषध, कॅथेटर, दुर्बीण या सगळ्याची चर्चा करता येईल. झडप अरुंद निघाली, तर विचारायचे प्रश्न तीन : फुगा चालेल का, कुठली रक्त पातळ करणारी गोळी, आणि पुढचा आयएनआर कधी व कुठे?